वाळवंटं जगभर, मग कॅक्टस एकट्या अमेरिकेतच का?

उंटावरचा_शहाणा:
मंडळी, बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय. सहारा आहे, कलहारी आहे, अरबस्तान आहे, ऑस्ट्रेलियाचा मधला कोरडा भाग आहे. ऊन तेच, पाण्याची बोंब तीच. मग कॅक्टस मूळचे फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतलेच कसे? शाळेत शिकलो की जसं हवामान तशी वनस्पती. विषुववृत्तावर सदाहरित जंगल, मग गवताळ प्रदेश, मग वाळवंट, वर सूचिपर्णी, त्याच्याही वर टुंड्रा, संपला धडा. पण हवामान सारखं तिथे झाडंही तीच हवीत ना? निलगिरी ऑस्ट्रेलियाची, गोरखचिंच आफ्रिकेत आणि मादागास्करमध्ये आणि एक मधूनच ऑस्ट्रेलियात, हे काय गौडबंगाल आहे? जाणकारांनी प्रकाश टाकावा. "गूगल कर" सांगू नये, ते झालंय.

चकवा:
वाचतोय. मारामारी सुरू झाली की आवाज द्या.

पारंबी:
एक अपवाद नोंदवून ठेवते, नाहीतर कुणीतरी येऊन खिंडीत पकडेल. ऱ्हिप्सॅलिस नावाचा एक कॅक्टस आहे, काटे जवळपास नाहीतच, झाडांवरून दोऱ्यांसारखा लोंबतो. त्याची एक प्रजाती आफ्रिकेत, मादागास्करमध्ये आणि श्रीलंकेत आपली आपण वाढते. फळ छोटं पांढरं, आत चिकट गर. पक्ष्यांनी पोटातून नेलं असावं असं बरेच जण मानतात, काही जण जहाजांवर संशय घेतात. बाकीचं अख्खं कुळ, म्हणजे दीड हजाराच्या वर प्रजाती, अमेरिकेतच.

आणि गंमत म्हणजे जो वाळवंटी नाही, जंगलातल्या झाडांवर राहतो, तोच नेमका समुद्र ओलांडून गेला.

टिवल्याबावल्या:
म्हणजे काटे टाकले की व्हिसा मिळतो :)

कोरांटी:
@उंटावरचा_शहाणा, आफ्रिकेत कॅक्टस नाहीत पण कॅक्टससारखी दिसणारी झाडं ढिगाने आहेत की. युफोर्बिया. खांबासारखं हिरवं खोड, धारा, काटे, पानांचा पत्ता नाही, लांबून बघितलं तर दहातले नऊ जण कॅक्टसच म्हणतील. ओळखायची सोपी खूण, टोचलं की पांढरा चीक येतो तो युफोर्बिया (चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, फार वाईट). कॅक्टसचे काटे एका छोट्या लवदार गादीतून फुटतात, युफोर्बियाला ती गादी नसते. त्रिधारी निवडुंग (युफोर्बिया) आणि फड्या निवडुंग (कॅक्टस) सख्खे भाऊ वाटतात पण कुळं पार वेगळी.

थोडक्यात तुमच्या शाळेचा धडा अर्धा बरोबर आहे. हवामान झाडाचा आकार ठरवतं, पण त्या आकारात कुठलं घराणं येऊन बसणार हे ठरवत नाही. डोंगरावरही तेच. किलीमांजारो, माउंट केनियावर महाकाय सेनेसिओ आहेत, जाड खोड आणि डोक्यावर पानांचा तुरा, आणि अँडीजमध्ये तशीच दिसणारी एस्पेलेशिया. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली पण आपापल्या खंडात स्वतंत्रपणे तशी झालेली. रोज रात्री हिवाळा आणि रोज दुपारी उन्हाळा असं हवामान असलं की तोच आकार परवडतो, असं दिसतं.

भूपट्ट:
उत्तर नकाशात नाही, काळात शोधायला हवं. जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

ग्लॉसोप्टेरिस नावाचं एक झाड होतं, साधारण ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीचं. जिभेच्या आकाराची पानं. त्याचे जीवाश्म भारतात, दक्षिण आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आणि चक्क अंटार्क्टिकात सापडतात. १९१२ साली कॅप्टन स्कॉट आणि त्याचे साथीदार दक्षिण ध्रुवावरून परतताना गारठून मेले, त्यांच्या स्लेजवर जवळपास १६ किलो दगड होते आणि त्यात ही पानं होती. मरायची वेळ आली तरी दगड टाकले नाहीत त्या लोकांनी. आता हे झाड काही पोहत पाच खंडांवर गेलं नव्हतं. तेव्हा हे सगळे तुकडे एकत्र होते, गोंडवन. नंतर ते फुटले, सरकले, आणि प्रत्येक तुकडा आपली झाडं घेऊन निघाला.

हेच आज जिवंत झाडात बघायचं तर नोथोफॅगस घ्या, दक्षिणेचा बीच वृक्ष. चिली-अर्जेंटिना, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया-टास्मानिया, न्यू गिनी, न्यू कॅलेडोनिया. मध्ये हजारो किलोमीटर समुद्र. बी जड, वाऱ्याने फार लांब जात नाही, खाऱ्या पाण्यात टिकत नाही. आणि जिथून सगळ्यांना जोडणारी वाट गेली असती त्या अंटार्क्टिकात त्याचे जीवाश्म. अजून काय पुरावा पाहिजे?

निलगिरीचंही तसंच. "निलगिरी ऑस्ट्रेलियाची" हे आजचं चित्र झालं. पॅटागोनियात, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडे, सुमारे ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचे निलगिरीचे जीवाश्म मिळालेत, पानं, फळं, सगळं. म्हणजे एके काळी तीही दोन्हीकडे होती, दक्षिण अमेरिकेतून नामशेष झाली, ऑस्ट्रेलियात आग आणि दुष्काळ वाढले तसं तिचं फावलं. कुठलं झाड कुठे आहे याइतकंच ते कुठून गेलं हेही बघावं लागतं.

चकवा:
स्कॉटची गोष्ट माहीत होती, दगडांची नव्हती. भारी.

खारफुटी:
भूपट्ट, प्रतिसाद सुंदर, पण ही गोंडवनाची गोष्ट हल्ली बरीच सैल झालीये. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत दोन खंडांवर एक कुळ दिसलं की लगेच "खंड फुटले" म्हणायची पद्धत होती. मग डीएनएवरून घराण्यांची वयं काढता यायला लागली आणि निम्म्या गोष्टींच्या तारखाच जुळेनात.

गोरखचिंचच घ्या, धाग्यातच विचारलंय. एकूण ८ प्रजाती. ६ फक्त मादागास्करमध्ये, एक आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर, एक वायव्य ऑस्ट्रेलियात. बघितल्याबरोबर गोंडवन आठवतं. पण ऑस्ट्रेलिया तिकडून सुटून दहा कोटींहून जास्त वर्षं झाली आणि गोरखचिंचेचं घराणं त्या मानाने अगदी कालचं. २०२४ मध्ये आठही प्रजातींचे जीनोम तपासले त्यातून मूळ मादागास्करचं असावं असं निघालं, म्हणजे बाकी दोन्हीकडे फळं किंवा बिया समुद्रातून गेल्या. कवच कडक, तरंगतं.

नोथोफॅगसमध्येसुद्धा न्यूझीलंडच्या काही प्रजाती ऑस्ट्रेलियातल्या नातेवाइकांपासून वेगळ्या झाल्या त्या जमीन तुटून कित्येक कोटी वर्षं उलटल्यावर. न्यूझीलंड साधारण ८ कोटी वर्षांपूर्वी सुटलं. मग त्या मधल्या समुद्रातून कशा गेल्या? "जड बी आहे, जाऊच शकत नाही" हे आपण टेबलावर बसून म्हणतो. कोटी वर्षांत एकदा जमलं तरी पुरतं.

आणि हा वाद काही नवा नाही. डार्विनचा मित्र, वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर म्हणायचा मध्ये जमीन असणार, ती बुडाली. डार्विन म्हणाला थांब, आधी बिया खाऱ्या पाण्यात टाकून बघतो. ८७ प्रकारच्या बिया भिजवल्या, २८ दिवसांनी त्यातल्या ६४ रुजल्या, काही तर १३७ दिवस टिकल्या. त्यानेच तळ्याकाठचा तीन चमचे चिखल घरात झाकून ठेवला, सहा महिन्यांत त्यातून ५३७ रोपं आली. तीन चमचे! बदकाच्या पायाला केवढा चिखल लागतो याचा विचार करा.

भूपट्ट:
डार्विनच्या बिया भिजून रुजल्या, पण भिजलेल्या बियांपैकी बऱ्याच बुडतात हेही त्याला लगेच कळलं होतं. बुडालेली बी रुजून काय उपयोग, माशांना बाग करायचीये का?

खारफुटी:
म्हणून तर तो पुढे फळांसकट वाळलेल्या फांद्या टाकून बघायला लागला. त्या जास्त दिवस तरंगल्या. वाचा की राव पूर्ण.

टिवल्याबावल्या:
(पॉपकॉर्न घेऊन बसलेली बाहुली)

कुंपणावरचा:
दोघंही आपापल्या झाडांबद्दल बरोबर बोलताय असं माझं मत. जुनी घराणी खंडांबरोबर गेली, नवी घराणी समुद्र ओलांडून. प्रत्येक झाडाचं वय काढल्याशिवाय ठोकताळा नाही. कॅक्टसचं कुळ साधारण ३ ते साडेतीन कोटी वर्षांचं मानतात आणि आफ्रिका-दक्षिण अमेरिका सुटून १० कोटी झाली. म्हणजे कॅक्टस जन्मला तेव्हा अटलांटिक चांगलाच रुंद होता. उंटावरच्या शहाण्याला एवढं उत्तर पुरेसं आहे. आफ्रिकेतल्या वाळवंटाला कॅक्टस नको होता असं नाही, तो तिथवर गेलाच नाही, आणि जागा रिकामी होती ती युफोर्बियाने घेतली.

पारंबी:
अननसाचं कुळही अगदी तसंच. तीन हजारांवर प्रजाती अमेरिकेत आणि एकच एक पश्चिम आफ्रिकेत, गिनीमधल्या खडकांवर. तीही तिथे बऱ्याच उशिरा गेली असं दिसतं.

खारफुटी:
आता दुधी भोपळा ऐका. मूळ आफ्रिकेचा. पण अमेरिकेत दहा हजार वर्षांपूर्वीच्या वस्त्यांमध्ये त्याचे अवशेष आहेत, कोलंबसच्या कितीतरी आधी. आधी वाटलं आशियातून माणसांबरोबर बेरिंगमार्गे गेला असेल, पण नंतर जुन्या सालींचा डीएनए बघितला तर तो आफ्रिकेतल्या भोपळ्यांशी जवळचा निघाला. म्हणजे बहुतेक अटलांटिकवरून आपला आपण तरंगत गेला. वाळला की आत पोकळ, बिया कोरड्या.

टिवल्याबावल्या:
म्हणजे म्हातारी लेकीकडे निघायच्या कितीतरी आधी भोपळा एकटाच गेला होता. हहपुवा.

कुंपणावरचा:
बी पोचणं वेगळं आणि तिथे नांदणं वेगळं, हेही धाग्यात येऊ दे. दर्याचा नारळ माहितीये ना, सेशेल्सचा, जगातलं सगळ्यात मोठं बी, वीस-पंचवीस किलोपर्यंत जातं. शतकानुशतकं मालदीवच्या किनाऱ्यावर त्याच्या कवट्या लागत होत्या, लोकांना वाटायचं समुद्राच्या तळाशी झाड आहे. पण जिवंत बी पाण्यात बुडतं, तरंगतं ते आतून सडलेलं. म्हणून झाड आजही मूळचं प्रालिन आणि क्युरिऊस या दोन बेटांवरच. साधा नारळ उलट, तरंगला की झालं काम. तरी त्याच्यातही पॅसिफिकचा आणि हिंदी महासागराचा असे दोन वेगळे गट डीएनएत दिसतात, आणि त्यांची सरमिसळ माणसाने केली ती निराळीच.

नवखी_बी:
नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. रिकामी जमीन अचानक तयार झाली तर काय होतं हे कुणी पाहिलंय का? म्हणजे नव्या बेटावर पहिलं झाड कोणतं?

खारफुटी:
स्वागत! प्रश्न झकास. इंडोनेशियातला क्राकाटोआ ज्वालामुखी १८८३ च्या ऑगस्टमध्ये फुटला, बेटाचा उरलेला तुकडा गरम राखेखाली गेला. १८८६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ गेले तेव्हा मुख्यतः नेचे (फर्न) होते. नेच्यांचे बीजाणू म्हणजे धूळच, वाऱ्यावर कुठेही जातात. आणि किनाऱ्यावर समुद्राने आणलेली फुलझाडं. मग गवत, मग हळूहळू जंगल. जंगलातली मोठी फळझाडं मात्र पक्षी आणि वटवाघळं यायला लागल्यावर.

आइसलँडजवळ सुर्टसे बेट १९६३ मध्ये समुद्रातून वर आलं, तिथे १९६५ मध्येच पहिलं फुलझाड दिसलं, किनाऱ्यावरची समुद्री मोहरी. पण तिथली खरी हिरवळ सीगल पक्ष्यांनी वसाहत केल्यावर वाढली. बिया आणल्या आणि खतही दिलं, पॅकेज डील.

पारंबी:
आणि फार लांब असलं बेट तर थोडेच जण जातात पण जे जातात त्यांची चैन. हवाईत मूळची फुलझाडं साधारण हजार, त्यातली नव्वद टक्के जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. कॅलिफोर्नियातल्या एका साध्या रानटी फुलझाडाचा पूर्वज गेला आणि त्यापासून झुडपं, झाडं, वेल आणि ज्वालामुखीच्या उतारावरची ती चंदेरी तलवारीच्या पानांची सिल्व्हरस्वर्ड, सगळी झाली. तीसएक प्रजाती एका पूर्वजापासून.

जंगलजिज्ञासू:
मला वेगळीच शंका आहे. विषुववृत्ताजवळ एवढ्या प्रजाती आणि वर जावं तसं कमी कमी, हे का? इक्वाडोरच्या यासुनीमध्ये २५ हेक्टरच्या एका तुकड्यात ११०० हून जास्त प्रकारची झाडं मोजलीत, आणि अख्ख्या युरोप खंडात मूळच्या झाडांच्या प्रजाती साडेचारशेच्या आसपास. २५ हेक्टर विरुद्ध खंड! नुसत्या ऊन-पावसाने एवढा फरक?

कुंपणावरचा:
नुसत्या नाही. युरोपचं दिवाळं हिमयुगांनी काढलं. बर्फ उत्तरेकडून खाली आला, झाडांना दक्षिणेला सरकायचं होतं, समोर आल्प्स आडवे, पूर्व-पश्चिम, आणि पलीकडे भूमध्य समुद्र. कोंडी झाली. मॅग्नोलिया, ट्युलिप ट्री, असली बरीच घराणी युरोपात होती, जीवाश्म आहेत, ती संपली. उत्तर अमेरिकेत डोंगर उभे, उत्तर-दक्षिण, झाडं कडेकडेने खाली गेली आणि बर्फ वितळल्यावर परत आली. पूर्व आशियात तर एवढा बर्फ आलाच नाही.

म्हणून एक विचित्र जोडी तयार झाली. पूर्व चीन-जपान आणि अमेरिकेचा पूर्व भाग, मध्ये अर्धं जग, पण झाडं एकमेकांची चुलतभावंडं. ट्युलिप ट्रीच्या जगात दोनच प्रजाती, एक चीनमध्ये, एक पूर्व अमेरिकेत. जिनसेंगचंही तसंच. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे याने १८५९ मध्येच हे मांडलं होतं की एके काळी उत्तर गोलार्धात सलग जंगल असणार. हे बघा, इथे ना गोंडवन ना तरंगणाऱ्या बिया. मधलेच मेले म्हणून टोकाचे वेगळे पडले. भूपट्ट आणि खारफुटी दोघांच्या यादीत नसलेला तिसरा रस्ता.

भूपट्ट:
हे मान्य. गिंकोसुद्धा असाच, एके काळी उत्तर गोलार्धभर, आता रानटी म्हणावा असा फक्त चीनमध्ये.

कोरांटी:
विषुववृत्ताचं कारण मात्र एकच सांगणारा भेटला तर विश्वास ठेवू नका. जुनी, फार न बदललेली जमीन, थंडीने न मरणारी घराणी, वर्षभर वाढ, आणि शत्रू. प्रत्येक झाडाची कीड आणि बुरशी त्याच्याच आसपास जास्त, त्यामुळे त्याच जातीची पोरं आईच्या सावलीत वाढत नाहीत, दुसऱ्या जातीला जागा मिळते. जॅनझेन आणि कॉनेल यांनी ७० च्या दशकात वेगवेगळं मांडलं होतं हे. पण मग आफ्रिकेचं पावसाळी जंगलही विषुववृत्तावरच आहे ना? ते ॲमेझॉन आणि बोर्निओपेक्षा बरंच गरीब आहे. तिथे पुन्हा इतिहास आडवा येतो, आफ्रिका वारंवार कोरडी पडली, जंगल आक्रसलं.

उलट केपचं टोक बघा, दक्षिण आफ्रिकेचं. विषुववृत्त नाही, जंगल नाही, माती भिकार, झुडपी माळ. ९० हजार चौरस किलोमीटरच्या आसपास जागा आणि सुमारे ९ हजार प्रजाती, त्यातल्या दोन तृतीयांशाहून जास्त फक्त तिथल्याच. जगाचे वनस्पतींनुसार सहा मोठे विभाग पाडतात त्यात हा एवढासा तुकडा स्वतंत्र विभाग धरलाय.

चकवा:
माती भिकार आणि प्रजाती जास्त? उलटं नको का?

कोरांटी:
सुपीक मातीत दोन-चार दांडगी झाडं बाकीच्यांना दाबून टाकतात. भिकार मातीत कुणीच दांडगं होत नाही. न्यू कॅलेडोनियात निकेलने भरलेली माती, बहुतेक झाडांना विषच, तिथल्या मूळ प्रजातींपैकी तीन चतुर्थांश जगात इतरत्र नाहीत. ॲम्बोरेला तिथलंच, बाकी सगळ्या फुलझाडांपासून सगळ्यात आधी वेगळी झालेली फांदी.

मुळावर_घाव:
उशिरा आलो. सगळे बोलताय ते "झाड का गेलं नाही" यावर. मला उलटं सांगायचंय. माणसाने नेल्यावर काय झालं ते बघा, त्यातून हवामानवाल्या धड्याचं वस्त्रहरण होतं.

रेडिएटा पाइन. मूळचं घर म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर तीन ठिकाणं आणि मेक्सिकोची दोन बेटं. बस. आज न्यूझीलंडच्या लावलेल्या जंगलात साधारण नव्वद टक्के तेच झाड, चिली आणि ऑस्ट्रेलियातही प्रचंड. मूळ घरापेक्षा तिकडे जोमाने वाढतं. म्हणजे झाड आज जिथे आहे तीच त्याला सगळ्यात मानवणारी जागा असं अजिबात नाही.

रबर ॲमेझॉनचं. १८७६ मध्ये त्याच्या सत्तर हजार बिया लंडनच्या क्यू बागेत नेल्या, तिथून रोपं आशियात. आज जगाचं बहुतेक नैसर्गिक रबर आग्नेय आशियाचं. आणि ॲमेझॉनमध्ये मळा करायला गेलं की पानांवर बुरशीचा रोग पडून सगळं साफ, मोटारवाल्या फोर्डने १९२८ पासून करून बघितलं, हात पोळले. जंगलात झाडं लांब लांब असतात म्हणून वाचतात. बुरशी मागे राहिली आणि झाड पुढे गेलं, एवढंच आशियाचं भाग्य.

आणि शहाणेबुवा, तुमचा कॅक्टस! फड्या निवडुंग ऑस्ट्रेलियात नेला, १९२० च्या दशकात त्याने सुमारे २ कोटी ४० लाख हेक्टर जमीन व्यापली. शेतं सोडून लोक निघून गेले. १९२६ मध्ये अर्जेंटिनातून आणलेला एक पतंग सोडला, त्याच्या अळ्यांनी आतून पोखरून पाच-सात वर्षांत बहुतेक निवडुंग संपवला. (तोच पतंग १९८९ मध्ये फ्लोरिडात दिसला आणि आता तिथल्या मूळच्या निवडुंगांना खातोय, हे शेपूट.)

टिवल्याबावल्या:
पतंगाला पगार किती होता?

नवखी_बी:
घाणेरी, जलपर्णी, गाजरगवत ही पण तशीच ना? तिघंही अमेरिकेकडची असं वाचलंय.

मुळावर_घाव:
तिन्ही. मूळ ठिकाणी त्यांना खाणारे, सतावणारे असतात म्हणून आवाक्यात राहतात. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली, आज आफ्रिकेतलं व्हिक्टोरिया सरोवरही तिच्या त्रासात आहे.

कुंपणावरचा:
रच्याकने, हे सगळे नकाशे बघताना एक खुबी लक्षात ठेवा. "ही प्रजाती इथे आढळते" याचा अर्थ "इथे कुणीतरी जाऊन नमुना गोळा केला" एवढाच. नमुन्यांचे ठिपके टाकले की रस्ते, नद्या आणि संशोधन केंद्रांचा नकाशा उमटतो. ॲमेझॉन किंवा न्यू गिनीत पांढरी जागा दिसली तर ती झाडांची नाही, माणसांची अनुपस्थिती असू शकते. मूळ प्रदेश कोणता आणि नंतर नेलेला कोणता हे वेगळं बघायचं असेल तर क्यूच्या ऑनलाइन यादीत देशागणिक दोन रंगांत दाखवतात, ते बरं पडतं.

भूपट्ट:
नकाशावरून जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्ट आठवला. १८०२ मध्ये इक्वाडोरच्या चिंबोराझो डोंगरावर चढला, शिखर गाठलं नाही पण साधारण ५९०० मीटरपर्यंत गेला, आणि मग त्याने ते प्रसिद्ध चित्र काढलं, डोंगर उभा कापून कुठल्या उंचीला कुठली वनस्पती. पायथ्यापासून बर्फापर्यंत चढणं म्हणजे विषुववृत्तापासून ध्रुवाकडे चालत जाणं, हे त्यातून लोकांना डोळ्यांनी दिसलं. २०१२ मध्ये काही संशोधक परत तिथे गेले आणि वनस्पती सरासरी ५०० मीटरहून जास्त वर सरकल्यात असं त्यांनी मांडलं. तापमानवाढीचा यापेक्षा चांगला पुरावा कोणता?

कोरांटी:
तो पुरावा तेवढा सरळ नाही. २०१९ मध्ये दुसऱ्या काहींनी हम्बोल्टच्या वह्या आणि नमुने उलगडून बघितले, तर चित्र चिंबोराझोचं असलं तरी वरच्या पट्ट्यातल्या बऱ्याच नोंदी अँटिसाना नावाच्या दुसऱ्या डोंगराच्या निघाल्या. तिथे जाऊन मोजलं तर सरकणं २१५ ते २६६ मीटर आलं. वर सरकल्या हे पक्कं, पण ५०० चा आकडा फेकू नका.

भूपट्ट:
२०१९ चं वाचायचं राहिलं होतं. वाचतो.

जंगलजिज्ञासू:
वृक्षरेषा, म्हणजे जिच्या वर झाडं उगवत नाहीत ती रेषा, मात्र हवामानच ठरवतं ना? की तिथेही इतिहास आहे म्हणणार?

कोरांटी:
तिथे हवामानाची बाजू भक्कम आहे. जगात कुठेही जा, वाढीच्या हंगामाचं सरासरी तापमान ६-७ अंशांच्या खाली गेलं की उंच झाड संपतं. घराणं कुठलंही असो. बोलिव्हियात पॉलिलेपिस पाच हजार मीटरच्याही वर जातं, उत्तरेकडे तीच रेषा समुद्रसपाटीला टेकते.

उंटावरचा_शहाणा:
बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. माझ्या डोक्यात जे बसलं ते असं, हवामान गाळणी लावतं, पण गाळणीपर्यंत कोण येणार ते इतिहास ठरवतो, आणि आल्यावर कोण टिकणार त्यात शत्रूंचाही हात. बरोबर? मग शेवटचा प्रश्न. आज कुणी कॅक्टस सहारात नेऊन लावले तर वाढतील का? ऑस्ट्रेलियात तर धुमाकूळ घातला.

पारंबी:
उत्तर आफ्रिकेच्या कडेला, मोरोक्को-ट्युनिशियात फड्या निवडुंग केव्हाचा स्थिरावलाय. पण सहाराच्या पोटात बहुतेक नाही. तिथे युफोर्बियासुद्धा जवळपास नाहीत हे लक्षात घ्या. खोडात पाणी साठवणाऱ्या झाडांना थोडा का होईना पण ठरलेल्या वेळी येणारा पाऊस लागतो, दरवर्षी टाकी भरायला. सहाराच्या मध्यात कित्येक वर्षं एक थेंब नाही आणि मग कधीतरी धो धो, असल्या बेभरवशाच्या ठिकाणी साठवणारे मरतात. तिथे चालतात ते दोन प्रकार, एक तर बी होऊन पडून राहायचं आणि पाऊस आला की चार आठवड्यांत आयुष्य उरकायचं, नाहीतर खूप खोल मुळं.

उलट दक्षिण आफ्रिका-नामिबियाच्या पश्चिम कडेला कारूचा पट्टा आहे, पाऊस थोडाच पण हिवाळ्यात नेमाने येतो. तिथे मांसल पानांच्या वनस्पती हजारोंनी. दोन्ही वाळवंटंच, पण एकाचा पाऊस शब्दाचा पक्का.

भूपट्ट:
सहारा सहा-सात हजार वर्षांपूर्वी बराच हिरवा होता हेही त्यात धरा. अल्जीरियाच्या तासिली पठारावर सायप्रसची दोनशेच्या आसपास झाडं अजून उभी आहेत, त्या ओल्या काळातली शिल्लक. आजचं हवामान बघून ती तिथे का आहेत हे कुणालाच सांगता आलं नसतं.

जंगलजिज्ञासू:
जाता जाता एक कोडं टाकतो. पाइनच्या शंभराहून जास्त प्रजाती उत्तर गोलार्धात. विषुववृत्ताच्या दक्षिणेला आपण होऊन एकच गेली. कुठे?

खारफुटी:
सुमात्रात, मर्कुसी पाइन, तीही विषुववृत्ताच्या थोडीशीच खाली. बाकीच्यांना वाटेत गरम दमट जंगल आडवं आलं. माणसाने न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेत नेऊन सोडले तेव्हा मात्र असे पसरले की आता उपटायला माणसं लावावी लागतात.